सीडी-डीव्हीडीत माहिती कशी साठते आणि कशाने जाते : बडोद्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ओसरल्यावर शेजारपाजारच्या अनेक घरांतून चिखलाने माखलेल्या सीडी आणि डीव्हीडी माझ्याकडे आल्या. कोणाच्या लग्नाच्या होत्या, कोणाच्या मुंजीच्या, तर कोणाच्या गणेशोत्सवातल्या गाण्याच्या. त्या वाचवताना लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

सीडीवरची माहिती नेमकी कुठे असते? खालच्या चकाकत्या बाजूला ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर झाला तर निम्म्या सीडी वाचतील. सीडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि ही जाडी जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. त्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगावर, म्हणजे ज्या बाजूला नाव छापलेले असते तिकडे, अतिशय सूक्ष्म खड्डे साच्यातून उठवलेले असतात. त्यांवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर, त्यावर काही मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे लाखेसारखे संरक्षक लेपन आणि त्यावर छपाई असते. लेसरचा किरण खालून शिरतो, संपूर्ण प्लॅस्टिक ओलांडून वर जातो आणि ॲल्युमिनियमवरून परततो. म्हणजे माहितीच्या आणि आपल्या नखाच्या मध्ये खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक असते, पण वरून केवळ लेपन आणि शाई. आपण सारे खालची बाजू जिवापाड जपतो आणि सीडी टेबलावर नाव खाली करून पालथी ठेवतो, तेव्हा नेमकी नाजूक बाजू घासली जात असते.

डीव्हीडीची रचना निराळी आहे. ती प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते आणि माहिती त्या दोहोंच्या मध्ये सुरक्षित असते. त्यामुळे वरचा चरा डीव्हीडीला सीडीइतका घातक नसतो. मात्र ती वाकवली तर जोड सुटू शकतो. डबीतून काढताना मधला खटका न दाबता कडेने ओढून काढण्याची सवय म्हणूनच वाईट.

खड्ड्यांमधून आवाज किंवा चित्र कसे तयार होते?

खड्ड्यांची ही ओळ एका अखंड सर्पिलाकार वाटेवर असते, जी मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जाते. दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. डोक्याचा एक केस सीडीवर ठेवला तर त्याखाली चाळीसच्या आसपास फेरे झाकले जातात, आणि ही संपूर्ण वाट उलगडली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरते. एकेका खड्ड्याची लांबी सुमारे ०.८ ते ३.५ मायक्रोमीटर असते.

सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो. प्लॅस्टिकमध्ये शिरल्यावर ही तरंगलांबी आखडून सुमारे ५०० नॅनोमीटर होते, आणि खड्ड्याची खोली तिच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी राखलेली असते. त्यामुळे खड्ड्यावरून परतणारा प्रकाश आणि आजूबाजूच्या सपाटीवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारक ठरतात आणि परतणारा उजेड मंदावतो. सपाटीवर तो पुन्हा वाढतो. पुष्कळांना वाटते की खड्डा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, परंतु तसे नाही. खड्ड्याची कड आली, म्हणजे उजेड बदलला, की तो ‘एक’, आणि बदल न होता जेवढा काळ जातो तेवढी शून्ये. हे शक्य व्हावे म्हणून मूळ माहितीतल्या प्रत्येक आठ बिटांच्या जागी चौदा बिटांची ठरावीक रचना लिहितात, जेणेकरून कडा फार जवळही येणार नाहीत आणि फार लांबही जाणार नाहीत.

वाचनाचा वेग वाटेवर सर्वत्र सारखा राहावा यासाठी गाण्याची सीडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, तर कडेला सुमारे २०० फेरे फिरते. कॅसेटच्या काळातून आलेल्यांना याचे नवल वाटते, पण वाट आतून बाहेर जाते ही गोष्ट पुढे नुकसान समजून घेताना फार उपयोगी पडते.

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत फरक काय?

तत्त्व एकच आहे, फक्त खड्डे बारीक होत गेले. सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली आणि तिच्यात ६५० ते ७०० मेगाबाइट मावतात. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा, फेऱ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर आणि एका थराची क्षमता ४.७ गिगाबाइट आहे. २००६ पासून मिळू लागलेल्या ब्लू-रेचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, अंतर ०.३२ मायक्रोमीटर आणि एका थरात २५ गिगाबाइट मावतात. ब्लू-रेची माहिती खालच्या पृष्ठापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असते, म्हणून त्या बाजूला मुद्दाम कठीण लेप दिलेला असतो.

दुकानातून विकत घेतलेली सीडी वीस वर्षे चालते, मग स्टुडिओवाल्याने करून दिलेली का बंद पडते?

कारण त्या दोन निराळ्या वस्तू आहेत, जरी दिसायला सारख्या असल्या तरी. विकतच्या गाण्यांच्या सीडीत खड्डे साच्यातून दाबून उठवलेले असतात, ते प्लॅस्टिकचाच भाग असतात. आपल्या लग्ना-मुंजीची सीडी मात्र कोऱ्या सीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर, रायटरने लिहिलेली असते. तिच्यात खड्डे नसतात, तर वाट दाखवणारी एक चर आणि तिच्यावर रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेसरची शक्ती वाढवून ते रंगद्रव्य जागोजागी तापवले जाते, आणि तापलेल्या जागेवरून नंतर उजेड कमी परततो. वाचताना यंत्राला तो खड्डाच वाटतो.

रंगद्रव्य हा सेंद्रिय पदार्थ आहे. ऊन लागले की कपड्याचा रंग उडतो, तसा याचाही उडतो. फरक एवढाच की येथे रंगच माहिती आहे. या रंगद्रव्यांचे तीन प्रमुख प्रकार प्रचलित होते : हिरवट-निळसर दिसणारे सायनाइन, गडद निळे अ‍ॅझो आणि फिकट, जवळजवळ रंगहीन वाटणारे थॅलोसायनाइन. यांपैकी सायनाइन उजेडाला सर्वांत हळवे आणि थॅलोसायनाइन तुलनेने टिकाऊ मानले जाते. शिवाय अशा तबकड्यांत परावर्तनासाठी बहुधा चांदीचा थर असतो, आणि चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, हे देवघरातल्या चांदीच्या निरांजनावरून प्रत्येकाला माहीत आहे.

एक घरचा अनुभव सांगतो. २००५ मध्ये आमच्या मुलाच्या मुंजीत माझ्या वडिलांनी म्हटलेली मंगलाष्टके एका सीडीवर होती. ती सीडी बारा वर्षे दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर, पारदर्शक पाऊचमध्ये राहिली. वडील गेल्यानंतर ती लावली तेव्हा सुरुवातीचा सगळा भाग नीट वाजला, पण शेवटची अकरा मिनिटे, ज्यांत त्यांचा आशीर्वाद होता, ती परत आली नाहीत. उजेडासमोर धरल्यावर कडेचा सुमारे अर्धा सेंटिमीटरचा पट्टा आतल्या भागापेक्षा स्पष्टपणे फिकट दिसत होता. वाट आतून बाहेर जाते, म्हणून कड बिघडली की कार्यक्रमाचा शेवट आधी जातो. मध्यभागी लिहिलेली माहिती बहुधा शेवटपर्यंत साथ देते.

पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू अधिक चांगली का?

जपून ठेवण्यासाठी नव्हे. तिच्यात रंगद्रव्याऐवजी असा मिश्रधातू असतो जो तापवण्याच्या पद्धतीनुसार कधी स्फटिकरूप तर कधी अस्ताव्यस्त रचनेत गोठतो. ती सुमारे हजार वेळा लिहिता येते, पण तिच्यावरून परतणारा उजेड मुळातच कमी असल्याने जुन्या प्लेअरला ती वाचता येत नाही, आणि चुकून पुसली जाण्याची भीती असतेच.

खालच्या बाजूला चरे पडले तरी सीडी चालते, आणि कधी एकाच चऱ्याने अडकते. असे का?

दोन गोष्टी सीडीला वाचवतात. पहिली म्हणजे लेसरचा झोत खालच्या पृष्ठावर सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाऊन माहितीच्या थरावर एकवटतो, त्यामुळे पृष्ठावरचा बारीक चरा किंवा धुळीचा कण त्याला अंधुकच दिसतो. चष्म्यावर एखादा कण असला तरी आपल्याला समोरचे पान वाचता येते, तसे.

दुसरी गोष्ट चूक दुरुस्त करणाऱ्या गणिताची आहे. हे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडले. माहितीच्या जोडीला पडताळ्याचे जादा अंक लिहिले जातात, आणि शेजारी-शेजारी असलेली माहिती मुद्दाम दूरदूर विखरून लिहिली जाते. एखाद्या वहीत ओव्या सलग न लिहिता प्रत्येक ओवीची अक्षरे पानभर पसरून लिहिली, तर पानाचा कोपरा फाटला तरी प्रत्येक ओवीतले एखाद-दुसरेच अक्षर जाईल आणि उरलेल्यांवरून ते भरता येईल. सीडीत हेच घडते. वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा पूर्णपणे नाहीसा झाला, तरी त्यातली माहिती जशीच्या तशी परत मिळते.

यावरूनच चऱ्याची दिशा महत्त्वाची ठरते. मध्यापासून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेऱ्याला क्षणभरच आडवा जातो, म्हणून दुरुस्ती होते. फेऱ्यांच्या दिशेने गोल पडलेला चरा मात्र एकाच फेऱ्यावर लांबवर राहतो आणि अडीच मिलिमीटरची मर्यादा सहज ओलांडतो. सीडी गोल गोल पुसू नये, नेहमी मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, हा नियम येथून आला आहे. मऊ, धुतलेले सुती कापड आणि स्वच्छ पाणी बहुतेक वेळा पुरते. बोटांचे तेलकट डाग निघत नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांना मात्र तबकडीजवळही येऊ देऊ नये, कारण त्यांनी प्लॅस्टिकच विरघळते किंवा धुरकट होते.

टूथपेस्टने घासल्यावर चरे जातात असे ऐकले आहे.

टूथपेस्टमध्ये बारीक खरवडणारे कण असतात, त्यामुळे चऱ्याच्या कडा थोड्या गुळगुळीत होतात आणि क्वचित सीडी चालूही लागते. परंतु एका चऱ्याच्या जागी शेकडो बारीक चरे येतात. नाइलाजच असेल तर आधी एखाद्या टाकाऊ सीडीवर हात बसवावा, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न केल्याशिवाय हा मार्ग धरू नये. ब्लू-रेवर हे कधीही करू नये. वरचा, छपाईकडचा चरा मात्र कोणत्याही घासण्याने बरा होत नाही, कारण तेथे माहितीच खरवडून गेलेली असते.

वरच्या बाजूला पेनाने लिहिले किंवा स्टिकर लावला तर काय होते?

बॉलपेनचे टोक लेपन दाबते आणि खालच्या धातूच्या थराला खोच पाडते. माझ्याकडे आलेल्या एका सीडीवर ‘साखरपुडा’ हा शब्द एवढा जोराने लिहिला होता की सीडी दिव्यासमोर धरली की ‘पु’चा उकार आरपार चमकत होता. त्या जागी धातू राहिलाच नव्हता. लिहायचेच असेल तर पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्यावा आणि शक्यतो मध्यभागीच्या पारदर्शक कड्यावर लिहावे, जेथे माहिती नसते.

कागदी स्टिकर दोन प्रकारे त्रास देतो. जलद फिरताना तबकडीचा तोल जातो, आणि दमट हवेत कागद फुगतो-आकसतो, तेव्हा तबकडी किंचित वाकते. डीव्हीडीला हे वाकणे फार सोसत नाही. परंतु लावलेला स्टिकर आता ओढून काढू नये. सीडीवरून तो काढताना चकाकी त्याच्यासह निघून येते आणि मागे स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक उरते. तो आहे तसा ठेवून आधी माहिती संगणकात उतरवावी.

आपल्या बडोद्याच्या हवेत तबकड्या किती वर्षे टिकतात?

एकच आकडा सांगणे योग्य होणार नाही, कारण उत्पादन, रंगद्रव्य आणि ठेवण्याची जागा यांवर सगळे अवलंबून असते. परंतु दीर्घकाळ जपायच्या तबकड्यांसाठी २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता असावी, अशी शिफारस आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि श्रावणात भिंतींना ओल येते, म्हणजे वर्षातले कित्येक महिने आपण या मर्यादेच्या बाहेरच असतो.

घरातल्या घरात पुष्कळ फरक पडतो, आणि त्याकडे लक्ष दिले पाहिजे. गच्चीच्या स्लॅबखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा आहे, आणि तीच आपल्याकडे जुन्या वस्तूंची ठरलेली जागा असते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट आणि उन्हात उभी असलेली मोटार याही तशाच. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेले लाकडी कपाट, मधला खण, बंद डबी आणि तबकडी पुस्तकासारखी उभी, ही व्यवस्था चांगली. नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या घरांनी तळमजल्यावर काहीच ठेवू नये. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि त्यानंतर पाच वर्षांनी आलेला पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण त्या ओल शोषून भरल्या की निरुपयोगी होतात. पावसाळ्यापूर्वी त्या बदलाव्यात. रबरबँड आणि जुने खाकी कागदी पाकीट मात्र डब्यात नको, कारण त्यांतून गंधकाची संयुगे सुटू शकतात. इंग्लंडमधील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी याच कारणाने तपकिरी पडल्या. त्यांचे लेपन पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला पुरे पडले नाही आणि आतला परावर्तक धातूचा थर गंजला.

सीडीला बुरशी लागते का?

लागते. पृष्ठावरची बुरशी बहुधा धुऊन निघते. परंतु २००१ मध्ये बेलीझ या उष्ण आणि दमट देशातील एका सीडीत जिओट्रिकम जातीची बुरशी कडेने आत शिरून प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खात असल्याचे स्पॅनिश संशोधकांना आढळले होते. असे क्वचितच होते. तरीही कडेपासून आत पसरणारी नक्षी किंवा दिव्यासमोर टाचणीएवढी छिद्रे दिसली, तर ती तबकडी सर्वांत आधी उतरवून घ्यावी.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या तबकड्यांचे काय करावे?

घाबरू नये. पॉलिकार्बोनेटला थोड्या वेळाच्या पाण्याने फारसे काही होत नाही. नुकसान होते ते चिखल वाळल्यावर तो कोरडाच पुसल्याने, कारण त्यातली रेती सॅंडपेपरसारखी घासते. म्हणून जोवर धुणे जमत नाही तोवर तबकड्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत राहू द्याव्यात, पण एक-दोन दिवसांहून अधिक नाही.

धुण्यासाठी पसरट घमेल्यात साधे गार पाणी घ्यावे आणि तबकडी मधल्या छिद्रात बोट घालून पाण्यातच हलकेच हलवावी. गाळ आपोआप सुटून तळाशी जातो. पाणी तीन-चार वेळा बदलावे. चिकट राहिल्यास भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे, आणि शेवटची विसळणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करावी, म्हणजे क्षारांचे डाग राहत नाहीत. नंतर भांड्यांच्या जाळीत उभ्या करून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवाव्यात. ऊन नको, केस वाळवण्याचे यंत्रही नको. कागदी मुखपृष्ठ सीडीला चिकटले असेल तर ते पाण्यात पूर्ण भिजून स्वतः सुटेपर्यंत वाट पाहावी.

डीव्हीडीच्या कडेवर विशेष नजर ठेवावी. जोडात पाणी शिरले असेल तर कडेला ढगाळ पट्टा दिसतो. आणि मधल्या छिद्राभोवती बारीकशीही तडा असेल तर ती तबकडी संगणकाच्या जलद ड्राइव्हमध्ये घालू नये. ५२ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट, वेगाला ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि फुटली तर ड्राइव्हही जातो.

सीडी लावल्यावर ‘डिस्क वाचता येत नाही’ असे येते. ती गेली असे समजावे का?

इतक्यात नाही. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, म्हणून किमान तीन निरनिराळ्या ड्राइव्हमध्ये, त्यांतही एका डीव्हीडी रायटरमध्ये, प्रयत्न करावा. ज्या रायटरवर ती लिहिली गेली तो अजून कोणाकडे असेल तर फारच उत्तम, कारण लिहिल्यानंतर ‘फायनलाइझ’ न केलेली, म्हणजे लेखन पूर्ण झाल्याची नोंद न केलेली, तबकडी इतर यंत्रांना कोरी वाटते. वेग कमी करता येत असेल तर करावा. त्यानंतर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते आणि नंतर अवघड जागांकडे वळते. वाचलेल्या जागांची नोंद ठेवत असल्याने तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले तुकडे गोळा करता येतात. पुरातल्या एका लग्नाच्या डीव्हीडीसाठी मला चार ड्राइव्ह आणि दोन रात्री लागल्या, आणि शेवटी सप्तपदी मिळाली.

गाण्याची सीडी छान वाजते आहे, मग काळजी कशाला?

कारण गाण्याची सीडी आपले दुखणे लपवते. दुरुस्त न होणारी चूक आली की प्लेअर आधीच्या आणि नंतरच्या आवाजावरून मधला आवाज अंदाजाने भरतो, आणि कानाला ते कळत नाही. फाइली असलेल्या सीडीत असा अंदाज चालत नाही, म्हणून तिच्या २३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइटच माहितीसाठी वापरतात आणि उरलेल्या जागेतला मोठा वाटा आणखी एका दुरुस्तीसाठी राखतात. चुका मोजणारी साधने संगणकावर मिळतात. सीडीवर सेकंदाला २२० पेक्षा अधिक प्राथमिक चुका येत असतील तर ती प्रमाणाबाहेर गेली आहे.

आता नवीन तबकड्यांवर प्रती कराव्यात का?

एक प्रत करावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. करायचीच असेल तर सेंद्रिय रंगद्रव्य नसलेली तबकडी निवडावी : एम-डिस्क, किंवा ‘एलटीएच’ असे न लिहिलेली साधी बीडी-आर (लिहिता येणारी ब्लू-रे). लिहिल्यानंतर पडताळणीचा पर्याय अवश्य वापरावा. त्याच्या जोडीला एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकांकडे असावी, म्हणजे एकाच पुरात सगळ्या प्रती जाणार नाहीत.

संगणकात उतरवल्यावर मूळ तबकडी टाकून द्यावी का?

देऊ नये. आज न वाचलेला भाग उद्या एखाद्या चांगल्या ड्राइव्हने वाचला जाऊ शकतो, आणि मुखपृष्ठावरचे हस्ताक्षर, तारीख, गायकांची नावे ही तर फाइलीत येतच नाहीत. त्यांचा फोटो काढून फाइलीजवळच ठेवावा. मुंजीची ती सीडी मी अजून काळ्या डबीत, अंधारात ठेवली आहे. गेल्या दिवाळीत मिळालेल्या एका जुन्या ड्राइव्हने तिची आणखी दोन मिनिटे वाचली.